मोटारसायकलवरचा यात्रेकरू

बावधनला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या हिवाळ्यात एक लाकडी खोकं तयार झालं. दोन सुतार आले, फळ्या आल्या, खालच्या पाटावर एक मोटारसायकल उभी करून तिचं पुढचं चाक काढलं गेलं. हँडल सैल करून आडवं वळवलं, आरसे काढून कापडात गुंडाळले, बॅटरीच्या तारा सोडल्या, टाकीतलं पेट्रोल नळीने उपसून कॅनमध्ये काढलं. रविवारची सकाळ. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा लंडनला निघाला होता, मोटारसायकलने, आणि त्याची गाडी खोक्यात बंद होत होती. त्याच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. रस्त्याने जायचं म्हणतोस, मग गाडी बोटीने का पाठवतोस, असं त्या विचारत होत्या.

नकाशा उघडला की उत्तर सापडतं. चांदणी चौकातून निघणारा रस्ता दिल्लीला जातो, दिल्लीहून अमृतसरला जातो आणि अटारीला संपतो. पुढे जमीन आहे, रस्ताही आहे, पण तो आपल्यासाठी नाही. उत्तरेला नेपाळमार्गे तिबेटमध्ये शिरता येतं, पण चीनमध्ये परदेशी गाडी न्यायची तर परवाने आणि सोबत सरकारमान्य वाटाड्या लागतो, आणि तो खर्च चार जणांत वाटला तरच परवडतो. म्हणून एकटा निघालेला आपल्याकडचा स्वार बहुधा न्हावाशेवा गाठतो. तिथून गाडी दुबईला आणि दुबईहून आखात ओलांडून इराणला. खुश्कीच्या प्रवासात समुद्राचा हा तुकडा असा अपरिहार्यपणे येतो.

आणि हा तुकडाच सगळ्यांत किचकट असतो. समुद्रमार्गे गाडीचं भाडं बहुतेक वेळा वजनावर नाही, खोक्याच्या घनफळावर ठरतं. म्हणून चाक काढायचं, हँडल वळवायचं. खोकं जितकं आटोपशीर तितकं भाडं कमी. विमानाने पाठवायची तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागतात आणि येईल तो आकडा वजन म्हणून धरतात. समजा खोकं २२० सेंटिमीटर लांब, ९० रुंद आणि १२० उंच आहे. आतली गाडी भले दोनशे किलोची असो, भाडं ३९६ किलोंचं. शिवाय लाकूड किडीसाठी तापवून प्रक्रिया केलेलं हवं आणि त्यावर तसा शिक्का हवा. नाहीतर पलीकडचं बंदर खोकं अडवून ठेवतं.

त्याहून महत्त्वाची असते एक वही. तिला कार्नेट म्हणतात. गाडी म्हणजे वस्तू, आणि परदेशात वस्तू नेली की आयात शुल्क लागतं. दर देशात शुल्क भरत बसलं तर लंडनला पोचेपर्यंत गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातील. म्हणून मोटार संघटना गाडीची हमी घेते आणि त्यासाठी मालकाकडून आधी मोठी अनामत किंवा बँकेची हमी घेते. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला खालचा भाग फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा दोन्ही शिक्क्यांसह वहीत राहतो. एक शिक्का जरी चुकला, तरी त्या देशाच्या दृष्टीने तुम्ही गाडी तिथे विकून आलात! मग घरी परतल्यावर अनामत विसरायची. आपल्या मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९ पासूनची. ही वह्यांची भानगड तिच्या तोंडपाठ आहे.

त्या मुलाला वाटत होतं की हा उद्योग अलीकडचा आहे. मला मात्र त्याच्या खोक्याकडे पाहताना एका ऑस्ट्रियन माणसाची आठवण होत होती. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी तो उलट दिशेने आला होता, व्हिएन्नाहून मुंबईला, एका मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून. त्याचं नाव हर्बर्ट टिची. गिर्यारोहणाचा नाद असलेल्यांना हे नाव चो ओयू या शिखरामुळे ठाऊक असतं. त्या शिखराचा रस्ता मुंबईवरून गेला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

टिचीचा जन्म १ जून १९१२ चा, व्हिएन्नाचा. तो जन्मला तेव्हा व्हिएन्ना पाच कोटी माणसांच्या साम्राज्याची राजधानी होती. सहा वर्षांचा झाला तेव्हा साम्राज्य बुडालं होतं आणि ते भलंथोरलं शहर एका चिमुकल्या, कंगाल देशाच्या वाट्याला आलं होतं. अशा शहरात वाढलेल्या मुलांना दूरच्या देशांची ओढ लागली तर नवल नाही. स्वीडनचा शोधप्रवासी स्वेन हेडिन त्या पिढीचं दैवत होतं. टिचीने विद्यापीठात भूगर्भशास्त्र घेतलं. डोंगर चढायला आवडतात, तर डोंगरांचाच अभ्यास करावा, हे गणित सरळ होतं.

त्याच वयाचा एक दोस्त त्याला भेटला, माक्स राइश. हा टिरोल भागातल्या कुफश्टाइनचा, १९१२ चाच जन्म. टिचीला डोंगर वेडे करत, राइशला इंजिनं. १९३३ मध्ये दोघांचं वय वीस-एकवीस. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाची संसद बंद पडली होती, शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता, नोकऱ्या नव्हत्या. दोघांनी ठरवलं, मोटारसायकलने हिंदुस्थानात जायचं. एका मोटारसायकलवर दोघांनी.

गाडी होती पुख २५०. ग्राझ शहरातल्या योहान पुख यांच्या कारखान्याची. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव परकं वाटायचं कारण नाही. हिरो पुक नावाची मोपेड ज्यांनी चालवली, निदान कॉलेजच्या फाटकाशी उभी पाहिली, त्यांनी याच घराण्याची धाकटी पाती पाहिली. नावाचा उच्चार आपण आपल्या सोयीने केला एवढंच. राइशच्या पुखचं इंजिन गमतीचं होतं. टू-स्ट्रोक, पण दोन दट्ट्ये शेजारी-शेजारी आणि दोघांत मिळून ज्वलनाची जागा एकच. एक दट्ट्या ताजी हवा आत येण्याचा मार्ग उघडायचा, दुसरा धूर बाहेर जाण्याचा. त्यामुळे साध्या टू-स्ट्रोकपेक्षा पेट्रोल कमी वाया जायचं. ताकद विचाराल तर जुन्या बजाज चेतकपेक्षा काकणभर कमीच. त्यावर दोन माणसं, तंबू, हत्यारं, सुटे भाग आणि वाळवंटासाठी पाणी.

खुश्कीचा म्हटला तरी हा मार्ग अखंड जमिनीचा नाही. युरोपातून तुर्कस्तानात उतरायचं तर इस्तंबूलच्या सामुद्रधुनीवर पहिला पूल व्हायलाच १९७३ साल उजाडलं. तोवर सगळ्यांना नावेतच चढावं लागे. पुढे सिरिया, मग बगदादपर्यंतचं सपाट वाळवंट. तिथे रस्ता नव्हता, आधीच्या मोटारींच्या चाकोऱ्या होत्या आणि त्या चाकोऱ्यांना पुष्कळ फाटे होते. मग इराकातून इराण, आणि इराणच्या पूर्व टोकाला बलुचिस्तान. या भागातून जाणारी मोटार तेव्हा क्वचित दिसे. वाळूत मोटारसायकल दोघांना घेऊन चालत नाही. मागचा उतरतो आणि ढकलतो. मागचा टिची होता. हिंदुस्थानच्या वाटेवर त्याने किती किलोमीटर बसून काढले आणि किती ढकलून, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एकंदर अंतर झालं सुमारे तेरा हजार किलोमीटर. मोटारसायकलवरून खुश्कीने हिंदुस्थान गाठणारी पहिली स्वारी म्हणून हिची नोंद होते. त्या मार्गावरचं मुख्य शहर क्वेट्टा. १९३५ च्या मे महिन्यातल्या भूकंपाने ते एका रात्रीत जमीनदोस्त झालं. या दोघांनी पाहिलेला तो मुलूख दोन वर्षांत उरलाच नाही.

प्रवास मुंबईला संपला. आणि आजीबाईंचा प्रश्न तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर उलटा उभा राहिला. रस्त्याने आलात, मग परत बोटीने का? उत्तर साधं होतं. पैसे संपत आलेले असतात, अंग थकलेलं असतं आणि तेच वाळवंट दुसऱ्यांदा ओलांडण्यात नवं काही नसतं. तेव्हाची मुंबई म्हणजे हिंदुस्थानचा दरवाजाच. १९१४ साली सुरू झालेला अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आपण आता इंदिरा डॉक म्हणतो, बॅलार्ड पिअरवर थेट धक्क्याला लागणारी आगगाडी, आणि ऑस्ट्रियाच्या दिशेने जाणाऱ्यांच्या सोयीची इटालियन लॉइड त्रिएस्तिनो कंपनीची जहाजं. त्रिएस्त हे १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाचंच बंदर होतं. व्हिएन्नाकरांना ते परकं वाटत नसे.

कागदपत्रांची कटकट तेव्हाही होती. १९२६ साली पॅरिसमध्ये मोटार वाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि परदेशी गाडीसाठी शुल्काच्या हमीचे कागद तर त्याआधीपासून चालत आले होते. म्हणजे आज आपल्या शेजारचा मुलगा ज्या वहीची पानं जिवापाड जपतो, तशा वहीला पुख २५० सुद्धा बांधलेली असे. गाडी खोक्यात जाई, क्रेनच्या दोराला लोंबकळत जहाजाच्या पोटात उतरे आणि धनी वरच्या डेकवरून खाली पाहत राही. कंटेनर नावाची लोखंडी पेटी यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. प्रत्येक खोकं हमालांच्या खांद्यावरून आणि क्रेनच्या हिसक्यांतून जायचं; वाटेत काय तुटलं ते पलीकडच्या बंदरात फळ्या उचकटल्यावरच कळायचं.

राइशला हे वेड पुरतं भिनलं. १९३५ मध्ये त्याने श्टायर मोटार घेऊन आशिया ओलांडायला सुरुवात केली आणि तो थेट चीनपर्यंत गेला. त्याची दुनिया रस्त्यांची. टिचीचं तसं झालं नाही. त्याने त्या पहिल्या प्रवासात काय मिळवलं असेल तर हिंदुस्थान पाहिला आणि उत्तरेकडचे बर्फाचे डोंगर अजून पाहायचे राहिले आहेत हे त्याला कळलं. १९३५ मध्ये तो पुन्हा आला. या खेपेलाही मोटारसायकल होती. हिंदुस्थानातले रस्ते, अफगाणिस्तान, असं बरंच भटकून झालं. पण मनात होता कैलास.

इथे त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग येतो. मोटारसायकलीचे कागद होते. सरकारी मोहोर असलेले, पानोपानी शिक्के असलेले. पण कैलासाला जायचं तर तिबेटमध्ये शिरायला हवं, आणि तिबेट युरोपियनांना बंद. टिचीपाशी परवाना नव्हता. मोटारसायकल खालीच राहिली. १९३६ मध्ये एक भारतीय विद्यार्थी मित्र आणि शेर्पा सोबती बरोबर घेऊन, हिंदुस्थानी यात्रेकरूचा वेश करून तो हिमालयापार गेला. गाडीसाठी शुल्काची हमी देणारा माणूस स्वतः मात्र कोणतीच ओळख न सांगता सीमा ओलांडत होता.

हे धाडस होतं यात शंका नाही. पण फसवणूकही होती, आणि ती कोणाची, हा प्रश्न टाळता येत नाही. यात्रेकरू म्हणून जी माणसं आपल्याला तंबूत घेतात, चहा देतात, ती आपल्या वेशावर विश्वास ठेवत असतात. त्या काळचे बहुतेक युरोपियन प्रवासी असल्या गोष्टी फुशारकीने सांगत. टिचीच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की त्याने वेश उतरवल्यावरही त्या माणसांविषयीचा आदर उतरवला नाही. पुढे आयुष्यभर तो हिमालयातल्या माणसांविषयी ज्या आपुलकीने लिहीत राहिला, त्यात नाटक दिसत नाही.

कैलासाची उंची ६,६३८ मीटर. परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची आणि वाटेत डोल्मा खिंड ५,६०० मीटरहून उंच. आपल्याकडच्या किती घरांतून आजी-आजोबांनी या यात्रेची स्वप्नं पाहिली! १९८१ पासून भारत सरकारतर्फे लिपुलेखमार्गे यात्रा सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पण १९३६ मध्ये ती वाट चालणारा व्हिएन्नाचा विद्यार्थी भक्तही नव्हता आणि पर्यटकही नव्हता. तो गिर्यारोहक होता. डोंगर दिसला की त्याचे डोळे आपोआप चढाईची रेघ शोधत. त्याने तिथल्या एका तिबेटी अधिकाऱ्याला विचारलंही की या पर्वतावर चढता येईल का. अधिकाऱ्याचं उत्तर आज जगभर सांगितलं जातं. त्याचा आशय असा, की ज्याच्या अंगी पापाचा लेशही नाही असा माणूसच कैलासावर जाऊ शकेल, आणि असा माणूस बर्फाच्या भिंतीला कशाला भिडेल, तो पक्षी होऊन उडत जाईल. टिचीने कैलासाला हात लावला नाही. कैलास आजही कोणी चढलेलं नाही.

त्याने प्रयत्न केला तो मानसरोवराच्या दक्षिणेकडच्या गुर्ला मांधाता शिखरावर. उंची सुमारे ७,७०० मीटर. १९०५ मध्ये टॉम लाँगस्टाफ या इंग्रजाला तिथल्या हिमकड्याने खाली लोटून दिलं होतं. टिचीबरोबर होता कितार नावाचा शेर्पा. दोघं, यात्रेकरूच्या सामानातली जुजबी साधनं, आणि सात हजार मीटरच्या आसपासची उंची. शिखर मिळालं नाही. ते पहिल्यांदा चढलं गेलं १९८५ मध्ये. पण एक गोष्ट टिचीच्या मनात पक्की झाली असावी, की फार माणसं, फार ओझी नसली तरी फार उंच जाता येतं. मोटारसायकलवर दोघांचं बिऱ्हाड बांधून आलेल्याला हे वेगळं शिकवावं लागलं नसेल.

व्हिएन्नाला परतल्यावर त्याने या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि त्याची प्रस्तावना लिहिली खुद्द स्वेन हेडिनने. भूगर्भशास्त्रातली डॉक्टरेटही झाली. आणि मग मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. ज्या देशाच्या पासपोर्टवर तो हिंडला, तो देशच नकाशावरून गेला. युद्ध सुरू झाल्यावर तो वार्ताहर म्हणून १९४१ मध्ये चीनला गेला आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. गेला तेव्हा तिशीच्या आत होता, परतला तेव्हा छत्तिशीचा. गिर्यारोहकाच्या आयुष्यातली ही उमेदीची वर्षं. युद्धाने पुष्कळांचं याहून कितीतरी अधिक नेलं, त्या मानाने तो सुदैवी म्हणायचा.

चाळिशी गाठता गाठता नेपाळ उघडलं. १९५३ मध्ये, एव्हरेस्ट सर झालं त्याच वर्षी, टिची चार शेर्पा घेऊन पश्चिम नेपाळ पायी तुडवायला निघाला. मोठी मोहीम नाही, झेंडे नाहीत. त्या शेर्पांचा म्होरक्या होता पासांग दावा लामा. १९३९ मध्ये के-टूच्या शिखराखाली अवघ्या दोन-अडीचशे मीटरवरून फ्रिट्झ विस्नरबरोबर मागे फिरलेला हाच तो पासांग. अंधार पडत होता आणि रात्री तिथल्या देवांना डिवचू नये असं त्याला वाटत होतं. म्हणजे हा माणूस चौदा वर्षं एक अपुरी चढाई मनात घेऊन जगत होता. त्या पश्चिम नेपाळच्या भटकंतीत, शेकोटीशी बसून, पुढचं शिखर ठरलं. चो ओयू. उंची ८,१८८ मीटर, जगात सहावं. सुचवलं पासांगने. टिचीने मान्य केलं, हा त्याचा मोठेपणा. मोहीम कोणत्या शिखरावर जायची हे शेर्प्याने सांगायचं आणि साहेबाने ऐकायचं, असं त्या काळी होत नसे.

१९५४ च्या शरद ऋतूत ते निघाले. ऑस्ट्रियन तिघंच, टिची, सेप योखलर आणि भूगोलतज्ज्ञ हेल्मुट हॉयबर्गर, आणि मोजके शेर्पा. त्याच वर्षी के-टूवर इटलीची जंगी मोहीम शेकडो हमालांसह गेली होती. टिचीने प्राणवायूच्या नळकांड्यासुद्धा नेल्या नाहीत. लोकांना हा वेडेपणा वाटला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सात हजार मीटरच्या सुमारास वादळ आलं. तंबू उडून जायला लागला. टिचीने तो उघड्या हातांनी दाबून धरला. तंबू वाचला, हात गेले. म्हणजे तुटले नाहीत, पण हिमदंशाने बोटं सुजून काळी पडली, निकामी झाली. बर्फाची कुऱ्हाड धरता येईना, बुटाची नाडी बांधता येईना. ते खाली उतरले. पासांग शिधा आणायला नामचे बाजाराकडे गेला. आणि नेमक्या त्याच वेळी डोंगराच्या पायथ्याशी दुसरी मोहीम येऊन ठेपली. रेमाँ लांबेर आणि क्लोद कोगाँ यांची. त्यांचं आधीचं लक्ष्य जमलं नव्हतं आणि आता त्यांची नजर चो ओयूवर होती. लांबेर म्हणजे १९५२ मध्ये तेनसिंगबरोबर एव्हरेस्टच्या उंबऱ्यापर्यंत गेलेला माणूस. त्याच्याकडे साधनं होती, धडधाकट हात होते. बोलणी झाली. पहिला हक्क ऑस्ट्रियनांचा, हे त्यांनी मान्य केलं, पण वाट किती पाहायची यालाही हद्द होती.

खाली पासांगला बातमी लागली. त्याचं स्वतःचं एक प्रकरण या शिखरात गुंतलं होतं. एका शेर्पा मुलीशी लग्न करायचं त्याने ठरवलं होतं आणि तिच्या बापाशी पैज मारली होती, की शिखर सर केलं तर मुलगी विनामोबदला द्यायची, नाही जमलं तर पासांगने पैसे भरायचे. तो जो उठला तो चारेक हजार मीटरवरच्या गावातून, नांगपा खिंड ओलांडून, पाठीवर ओझं घेऊन, तिसऱ्या दिवशी शिखरावर होता. असा वेग त्याआधी हिमालयात कोणी ऐकला नव्हता. वाटेत सात हजार मीटरवर टिची त्याची वाट पाहत होता, बँडेज बांधलेल्या हातांनी.

टिचीने त्या हातांनी वर जावं का, हा खरा प्रश्न होता. घसरला असता तर स्वतःला सावरू शकला नसता आणि दोराला बांधलेल्या बाकीच्यांनाही खेचत नेलं असतं. मागे राहिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. तो गेला. ज्या दोघांनी त्याला दोराला बांधून घेतलं त्यांना हे ओझं ठाऊक होतं. मला वाटतं, गिर्यारोहणाच्या पुस्तकांत नेत्याच्या जिद्दीवर पानं भरतात, पण अशा वेळी ज्यांनी त्याला बरोबर घेतलं त्यांच्या मनात काय चाललं असेल, यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. १९ ऑक्टोबर १९५४ च्या दुपारी पासांग, योखलर आणि टिची शिखरावर उभे राहिले. आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी सर झालेलं हे पाचवं, आणि त्या दिवसापर्यंत कृत्रिम प्राणवायूशिवाय माणूस ज्या शिखरांवर पोचला त्यांतलं सर्वांत उंच. लांबेर आणि कोगाँ मागून गेले, पण वाऱ्याने त्यांना परतवलं. पासांगचं लग्न थाटात झालं, आणि वऱ्हाडात मोहिमेतली मंडळी होतीच.

चो ओयू पुढे आपल्याही ओळखीचं झालं. १९५८ मध्ये केकी बुनशा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मोहीम तिथे गेली आणि १५ मे रोजी सोनाम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले. हो, तोच पासांग, दुसऱ्यांदा. त्या मोहिमेत मेजर नंदू जयाल यांचं निधन झालं. दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचे ते पहिले प्राचार्य. क्लोद कोगाँ १९५९ मध्ये स्त्रियांची मोहीम घेऊन चो ओयूवर परतली आणि तिथेच हिमप्रपातात गेली. २०१६ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मुलं त्या शिखरावर जाऊन आली. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत वाटेवर दोरखंड बांधले गेले, तंबूंची गावं वसली.

टिचीचं पुढचं आयुष्य वाचणाऱ्यांनी वाचलं. त्याने पुष्कळ लिहिलं, मुलांसाठीही लिहिलं, आफ्रिकेत बराच काळ काढला. प्रसिद्धी आली ती त्याने अंगाला फार लावून घेतली नाही. आणखी एखादं आठ हजारी शिखर पदरात पाडण्यासाठी त्याने मोहिमा उभारल्या नाहीत. तो हिंडत राहिला. माक्स राइश १९८५ मध्ये गेला. ज्या वाहनांनी त्याने जग पाहिलं त्यांचा संग्रह इटलीतल्या बोल्झानो शहरात जपलेला आहे. हर्बर्ट टिची २६ सप्टेंबर १९८७ रोजी व्हिएन्नामध्ये वारला. वय पंचाहत्तर.

बावधनच्या त्या खोक्यावर दुपारी शेवटची फळी ठोकली गेली. आजींनी उठून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि गाडीला वरखाली कळावं म्हणून सुताराने चारही बाजूंना बाण रंगवले. टेम्पो आला, आठ जणांनी हात लावले, खोकं चढलं आणि चांदणी चौकाच्या नव्या पुलावरून मुंबईच्या रस्त्याला लागलं. मागे राहिला तो पेट्रोलचा कॅन. तो घरात ठेवायला मुलाची आई तयार होईना. शेवटी चार लिटर माझ्या स्कूटरमध्ये ओतलं आणि उरलेलं वॉचमनने नेलं.